पडवीतील रोपवाटिका : बीजापासून लागवडीपर्यंत

शाळेच्या स्मरणिकेत विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद असते, जुन्या शिक्षकांच्या आठवणी असतात, इमारतीच्या उभारणीची हकिकत असते. त्या पंक्तीत भाजीच्या रोपांविषयीचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु वसतिगृहाच्या पूर्वेकडील पडवीत मांडलेले रोपांचे ट्रे पाहिल्यावाचून येथून परत गेलेला पाहुणा विरळाच. "हे घरी कसे करावे?" असा प्रश्न पालक, माजी विद्यार्थी व धम्मबांधव आम्हांला वारंवार विचारतात. त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे, हा या लेखाचा हेतू.

आणखी एक प्रश्न विचारला जातो आणि तो अधिक अवघड आहे. पालकभेटीच्या दिवशी मुलाच्या नखांतील माती पाहून एक वडील म्हणाले होते, "गुरुजी, आमच्या बापजाद्यांचा जन्म दुसऱ्याच्या मातीत गेला. पोराला शाळेत घातले ते त्या मातीतून बाहेर काढायला. इथेही त्याच्या हाती मातीच का?" हा प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, म्हणून तो अधिक लागला. त्याचे उत्तर आम्ही लेखाच्या अखेरीस देणार आहोत. कारण रोप कसे तयार होते हे समजल्यावाचून ते उत्तर पटणार नाही.

छपराखाली पेरणी कशासाठी?

थंड देशांतील लोक घरात बी पेरतात ते बाहेर बर्फ असते म्हणून. आपल्याकडे बाहेरची माती बाराही महिने उघडी असते. तरीही भाजीचे कोवळे रोप उघड्यावर टिकणे कठीण. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि मातीचा वरचा थर तव्यासारखा तापतो. जून-जुलैत पावसाची एक जोराची सर बारीक बी वाहून नेते, नाही तर चिखलाच्या पापुद्र्याखाली गाडून टाकते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांवर आले की मिरचीचे बी तीन-तीन आठवडे हूं की चूं करीत नाही. पडवी, व्हरांडा, गच्चीवरील छपराखालची जागा किंवा पूर्वेकडील खिडकी या तिन्ही संकटांपासून रोपाचे पहिले चार-पाच आठवडे सांभाळते.

दुसरे कारण काटकसरीचे आहे. टोमॅटोच्या एका ग्रॅमात साधारणपणे ३०० बिया असतात. घरच्या बागेला दहा-बारा रोपे पुरतात. वाफ्यात फेकून पेरलेल्या बियांतील किती उगवल्या आणि किती मुंग्यांनी नेल्या याचा हिशेब लागत नाही. कप्प्यात मोजून टाकलेल्या बीचा हिशेब चोख लागतो.

सर्वच भाज्यांना मात्र ही पद्धत मानवत नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फुलकोबी व कांदा यांची रोपे आधी तयार करून मग लावावीत. यांची मुळे एकदा हलविलेली सोसतात. मुळा, गाजर, मेथी, पालक, कोथिंबीर, भेंडी, गवार व चवळी थेट जागेवरच पेरावीत. काकडी, दोडका, कारले, दुधी भोपळा यांची मुळे दुखावलेली चालत नाहीत; त्यामुळे ही रोपे हवीच असतील तर कागदी पेल्यात किंवा लहान पिशवीत वाढवावीत आणि १२ ते १५ दिवसांची होताच मातीच्या गोळ्यासह लावावीत.

वनस्पतींची वाढ कशापासून होते, याचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. पाली ग्रंथांत बीजांचे पाच प्रकार सांगितले आहेत : मुळापासून वाढणारे, खोडापासून वाढणारे, पेरापासून वाढणारे, शेंड्याच्या फांदीपासून वाढणारे आणि प्रत्यक्ष बीपासून वाढणारे. पहिल्या प्रकारात हळद व आले, दुसऱ्यात पिंपळ व वड, तिसऱ्यात ऊस व बांबू अशी उदाहरणे आहेत. भिक्खूने वाढत्या वनस्पतीची नासधूस करू नये, या नियमाच्या विवेचनात हे वर्गीकरण येते. आमचे सातवीचे विद्यार्थी हीच यादी घेऊन स्वयंपाकघरात जातात आणि भाजीच्या टोपलीतील प्रत्येक वस्तू कोणत्या प्रकारात बसते ते ठरवितात. या लेखात आपला संबंध मुख्यतः पाचव्या प्रकाराशी आहे.

पौर्णिमेचे पंचांग

रोपवाटिकेतील अर्धी हानी चुकीच्या वेळी पेरल्याने होते. रोप लवकर तयार झाले आणि जमीन तयार नसली, तर ते कप्प्यातच म्हातारे होते. त्याची मुळे गोल गुंडाळली जातात आणि पुढे ते जोम धरत नाही. म्हणून लागवडीचा दिवस आधी ठरवावा आणि तेथून मागे मोजत यावे.

टोमॅटो, कोबी व फुलकोबी यांची रोपे २५ ते ३० दिवसांत, वांग्याची सुमारे ३५ दिवसांत, मिरचीची ४० ते ४५ दिवसांत आणि कांद्याची ४५ ते ५० दिवसांत लागवडीस येतात. हे आकडे मुलांच्या लक्षात राहावेत म्हणून आम्ही त्यांना वर्षावासाची जोड दिली आहे.

विनयपिटकातील महावग्गात वर्षावासाचा नियम कसा घडला याची हकिकत आहे. पावसाळ्यातही भिक्खू चारिका करीत फिरत आणि त्यांच्या पायाखाली हिरवे अंकुर व बारीक जीव तुडविले जात, अशी लोकांची तक्रार होती. तेव्हा तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याची अनुज्ञा दिली. कोवळ्या अंकुराचा असा विचार ज्या नियमाच्या मुळाशी आहे, त्याच्या काळातच रोपे जोपासावीत हे आम्हांला योग्य वाटते. शिवाय ते हंगामालाही धरून आहे.

आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. हाच सुमार रब्बीच्या भाज्यांच्या लागवडीचा. तेथून मागे मोजले की भाद्रपद पौर्णिमेला टोमॅटो, कोबी व फुलकोबी पेरावी; पोळ्याच्या सुमारास, म्हणजे आणखी पंधरा दिवस आधी, मिरची व कांदा पेरावा; वांगी या दोहोंच्या मध्ये केव्हाही. आश्विन पौर्णिमेला लावलेल्या रोपांना दिवाळीपर्यंत दोन आठवडे मिळतात. तेवढ्यात मुळे जमिनीत बसतात, आणि सुटीत वसतिगृह रिकामे झाले तरी दोन-तीन दिवसांआड घातलेल्या पाण्यावर रोपे तग धरतात. भाद्रपद वा आश्विन अधिक आल्यास हे गणित महिन्याने चुकते. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तारखा पाहाव्यात. पावसाळी पिकासाठी जूनमध्ये आणि उन्हाळी पिकासाठी डिसेंबर-जानेवारीत पेरणी करावी.

बियाणे निवडताना

बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर वाचणे हा आमच्याकडील पहिला पाठ. त्यावर वाणाचे नाव, उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत असते. मुदत सामान्यतः चाचणीपासून ९ महिन्यांची असते. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी आणि पायाभूत बियाण्याला पांढरी चिठ्ठी लावलेली असते. प्रमाणित बियाण्यात टोमॅटो व वांग्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के आणि मिरचीची किमान ६० टक्के असावी लागते. म्हणजे शंभरातील तीस-चाळीस बिया न उगवणे हे नेहमीच पेरणाऱ्याच्या हाताचे अपयश नसते. मुलांना हे आधीच सांगितलेले बरे.

घरी ठेवलेल्या जुन्या बियांची परीक्षा सोपी आहे. वीस बिया ओल्या सुती कापडात अंतराने ठेवाव्यात, कापडाची सैल गुंडाळी करून उबदार जागी ठेवावी आणि ते सुकू देऊ नये. टोमॅटोला आठ दिवस, वांग्याला दहा दिवस व मिरचीला दोन आठवडे द्यावेत. चौदा बियांना मोड आले तर उगवणशक्ती ७० टक्के. ती निम्म्याहून कमी निघाली तर प्रत्येक कप्प्यात दोन-दोन बिया टाकाव्यात.

बाजारातील बियाण्याचा रंग गुलाबी, निळा किंवा हिरवा दिसला तर त्यास औषध लावलेले आहे असे समजावे. असे बी मुलांच्या उघड्या हाती देऊ नये, ते खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नये आणि उरलेले बी कोंबड्यांपुढे टाकू नये. जेथे लहान मुले आहेत त्या घरी ही दक्षता कटाक्षाने पाळावी.

सुधारित वाण की संकरित, हा प्रश्न नेहमी येतो. संकरित वाणाचे उत्पन्न अधिक येते. परंतु त्याच्या फळातील बी पुन्हा पेरले तर पुढची झाडे एकसारखी निपजत नाहीत, म्हणून दरवर्षी बी विकत घ्यावे लागते. टोमॅटोतील पुसा रुबी, वांग्यातील मांजरी गोटा, मिरचीतील फुले ज्योती यांसारख्या सुधारित वाणांचे आणि गावरान वाणांचे बी आपण स्वतः धरू शकतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचे जतन केले आणि त्या कार्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या एका आदिवासी शेतकरी स्त्रीने हे ज्ञान निरीक्षणातून मिळविले, हे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

भांडे, मिश्रण आणि पेरणी

आमच्याकडे ९८ कप्प्यांचे प्लास्टिकचे ट्रे आहेत. परंतु घरी त्यांची गरज नाही. चहाचे कागदी पेले, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, पसरट डबे यांपैकी काहीही चालते. दोन गोष्टी पाहाव्यात : खोली किमान दोन इंच असावी आणि तळाला छिद्रे असावीत. छिद्र नसलेले भांडे रोपाचा काळ ठरते. पूर्वी वापरलेले भांडे साबणाने घासून कडक उन्हात वाळवावे.

नुसती शेतातील काळी माती भरू नये. ती पाणी धरून बसते, वाळली की आवळते आणि कोवळ्या मुळाला तिच्यातून वाट काढता येत नाही. एक भाग चाळलेली माती, एक भाग चाळलेले गांडूळखत आणि एक भाग धुतलेले कोकोपीट हे मिश्रण आम्हांला मानवले आहे. कोकोपीट न मिळाल्यास जाडसर वाळू चालते. माती निर्जंतुक करण्याचा बिनखर्ची उपाय म्हणजे एप्रिल-मे महिन्यांचे ऊन. माती ओली करून पातळ थरात पसरावी, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा दाबून टाकाव्यात आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवावी. आत साठलेल्या उष्णतेने रोगजंतू व तणांचे बी बरेचसे मरते.

मिश्रण आधी ओले करावे, मग भांड्यात भरावे. ओलावा किती असावा याची खूण अशी : मूठ घट्ट दाबली असता गोळा व्हावा, पण बोटांतून पाण्याची धार लागू नये. बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल टाकावे. टोमॅटो, वांगी व मिरची यांना अर्धा सेंटिमीटर खोली पुरते. फार खोल गेलेले बी वर येण्यापूर्वीच आपली शिदोरी संपविते. पेरल्यावर वर मिश्रणाचा पातळ थर देऊन हलकेच दाबावे आणि त्याच दिवशी चिठ्ठी लावावी. "लक्षात राहील" असे म्हणणाऱ्याच्या ट्रेमध्ये वांगी कोणती व मिरची कोणती हे महिनाभर कळत नाही.

या भाज्यांच्या बियांना उगवण्यासाठी प्रकाशापेक्षा उबेची गरज अधिक असते. २५ ते ३० अंश तापमान उत्तम. म्हणून पेरलेले ट्रे एकावर एक रचून वर कागद झाकावा. हिवाळ्यात ते स्वयंपाकघरातील चुलीलगतच्या भिंतीपाशी ठेवावेत. तिसऱ्या दिवसापासून मात्र रोज सकाळी उघडून पाहावे आणि पहिला अंकुर दिसताच त्याच दिवशी सर्व ट्रे उजेडात मांडावेत. एका दिवसाचा आळसही येथे महागात पडतो. अंधारात अंकुर ताणला जातो आणि तो ताण पुढे भरून निघत नाही.

पाण्याचा धडा

आता आमच्या सर्वांत मोठ्या चुकीविषयी. रोपवाटिकेच्या पहिल्या वर्षी, जुलै महिन्यात, पडवीत चार ट्रे मांडले होते. उगवण उत्तम झाली. मुलांना त्या हिरव्या ठिपक्यांचा इतका लळा लागला की सकाळी प्रार्थनेपूर्वी, दुपारी जेवणानंतर आणि सायंकाळी खेळून आल्यावर जो तो ओंजळभर पाणी घालीत असे. आम्हीही कौतुकाने पाहत राहिलो. दहाव्या दिवशी सकाळी एका कोपऱ्यातील रोपे आडवी पडलेली दिसली. ती तहानलेली आहेत असे समजून त्यांस आणखी पाणी घातले गेले. तीन दिवसांत चारही ट्रे संपले. "आम्ही तर रोज पाणी घातले होते," असे म्हणून पाचवीतील एक मुलगा रडला. आणि त्याला काय सांगावे हे त्या वेळी आम्हांलाही उमगले नाही.

त्या रोगाला मर किंवा रोपे कोलमडणे असे म्हणतात. सतत ओल्या, कोंदट मातीत पिथियमसारख्या बुरशी वाढतात आणि जमिनीलगत रोपाच्या मानेवर हल्ला करतात. मान पाणथळ होते, दोऱ्यासारखी बारीक होते आणि वरची पाने हिरवी असतानाच रोप आडवे होते. एकदा आडवे झालेले रोप उठत नाही. उपाय केवळ प्रतिबंधाचा : विरळ पेरणी, खेळती हवा, भरपूर उजेड, पाण्याचा निचरा, आणि पेरणीपूर्वी बियांना ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची भुकटी चोळणे. लागण दिसताच आजारी रोपे मिश्रणासह काढून टाकावीत आणि पाणी थांबवावे.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही नियम केला. झारी दिवसाला एकाच विद्यार्थ्याच्या हाती असते. त्याने आधी मिश्रणाला बोट लावून पाहायचे, ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा आणि नोंदवहीत 'ओले', 'ओलसर' किंवा 'कोरडे' यांपैकी एक शब्द लिहायचा. शब्द 'कोरडे' असेल तरच पाणी. ते सकाळीच आणि बारीक छिद्रांच्या झारीने द्यावे; किंवा ट्रे पाण्याच्या परातीत पंधरा मिनिटे ठेवून तळातून शोषू द्यावे, हे अधिक चांगले. ज्याच्या वाट्याला 'ओलसर' लिहिण्याचा दिवस येतो, तो हिरमुसतो. पण झारी खाली ठेवणे हीसुद्धा सेवाच आहे, हे हळूहळू उमगते.

उजेड, स्पर्श आणि स्वच्छ हात

प्रथम दिसतात ती दोन गुळगुळीत पाने म्हणजे बीजपत्रे. बीमध्ये साठविलेल्या अन्नावर ती आलेली असतात. त्यांच्या मधून जी पुढची पाने येतात ती खरी पाने. खऱ्या पानांची पहिली जोडी आली की एका कप्प्यात एकच सशक्त रोप ठेवावे. दुसरे उपटू नये, कात्रीने कापावे. उपटल्याने शेजारच्या रोपाची मुळे हलतात.

उगवणीनंतर रोज पाच-सहा तासांचे सकाळचे ऊन मिळाले पाहिजे. ते न मिळाल्यास रोप लांबट, काटकुळे व फिकट होते. पडवीत उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून रोपे तिकडे झुकतात. रोज ट्रेची दिशा फिरवावी. दिवसातून एकदोन वेळा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अगदी हळुवार फिरविल्यास खोड आखूड व दणकट होते. वाऱ्याने डोलणारे रोप जसे मजबूत होते तसाच हा परिणाम आहे. दोन आठवड्यांनंतर गांडूळपाणी दहापट पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा द्यावे. पांढरी माशी व फुलकिडे यांपासून रक्षणासाठी बारीक विणीची नायलॉनची जाळी वरून ताणावी. पांढरी माशी टोमॅटोत पाने गुंडाळण्याचा विषाणुजन्य रोग पसरविते.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तंबाखू व टोमॅटो एकाच कुळातील वनस्पती आहेत, मिरची आणि वांगीही त्याच कुळातील. तंबाखूच्या पानांवर मोझॅक रोगाचा विषाणू असू शकतो; तो सुकलेल्या तंबाखूतही टिकतो आणि हातांवाटे रोपांपर्यंत पोहोचतो. म्हणून खर्रा, तंबाखू किंवा विडी हाताळलेल्या माणसाने साबणाने स्वच्छ हात धुतल्यावाचून रोपांना स्पर्श करू नये. आमच्या पडवीत हा नियम पाहुण्यांसह सर्वांना लागू आहे. मुलांनी नम्रपणे पुढे केलेला साबण पाहून काही थोर मंडळी ओशाळली आहेत, आणि एकदोघांनी त्या निमित्ताने ती सवय सोडल्याचेही आम्हांला कळविले आहे.

पडवीतून अंगणात

सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात नेले तर होरपळते. लागवडीपूर्वी पाच ते सात दिवस त्याला कणखर करावे. पहिल्या दिवशी तासभर ऊन, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे वाढवीत अखेरीस पूर्ण दिवस बाहेर ठेवावे. याच काळात पाणी कमी करावे, मात्र रोप कोमेजू देऊ नये. पाने किंचित गडद व जाड झाली, खोड शिसपेन्सिलीच्या निम्म्या जाडीचे झाले, चार-पाच खरी पाने आली आणि मुळांनी मिश्रणाचा गोळा धरून ठेवला, की रोप तयार आहे.

लागवड सायंकाळी करावी, म्हणजे रोपाला रात्रभर विसावा मिळतो. तासभर आधी ट्रेला पाणी द्यावे, रोप पानाला धरून न ओढता तळातून ढकलून बाहेर काढावे. टोमॅटोचे रोप बीजपत्रांपर्यंत मातीत गेले तरी चालते, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. इतर रोपे पूर्वीच्याच खोलीवर लावावीत. टोमॅटो व मिरचीसाठी दोन ओळींत ६० व दोन रोपांत ४५ सेंटिमीटर, कोबीसाठी सर्व बाजूंनी ४५ सेंटिमीटर आणि वांग्यासाठी ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर असावे. बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालावे. अंगण नसल्यास पंधरा-वीस लिटरच्या जुन्या बादलीत किंवा गोणीत एक टोमॅटो वा एक वांगे सुखाने वाढते. मिरचीला याहूनही लहान डबा पुरतो.

पुढच्या वर्षाचे बी धरायचे असल्यास निरोगी झाडावरील उत्तम फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे. वांगे पिवळे पडेपर्यंत, मिरची लाल होऊन सुकेपर्यंत राखावी. टोमॅटोचा बीयुक्त गर एक-दोन दिवस भांड्यात आंबवावा, म्हणजे बीभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग बी धुऊन सावलीत वाळवावे. पूर्ण वाळलेले बी कागदी पाकिटात घालून, वाण व वर्ष लिहून, कोरड्या डब्यात ठेवावे.

त्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींविषयी एक निबंध प्रसिद्ध केला होता. शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त माणसांचा भार हे दुखण्याचे मूळ आहे आणि उद्योगधंद्यांची वाढ हा त्यावरील उपाय आहे, अशी त्याची मांडणी होती. मुलाला मातीतून बाहेर काढू पाहणारा बाप बाबासाहेबांच्या विचारापासून दूर नाही. आमचे विद्यार्थी शेतमजूर व्हावेत म्हणून ही पडवी नाही. म्हणूनच येथे कोणालाही शिक्षा म्हणून बागेत पाठविले जात नाही, अभ्यासाचा तास बुडवून काम दिले जात नाही, आणि शिक्षकांच्या हातीही झारी पाळीपाळीने येते.

परंतु दुसऱ्याच्या शेतात हुकमाने राबणे आणि स्वतः पेरलेल्या बीचे निरीक्षण करणे यांत मोठे अंतर आहे. राबणाऱ्याला 'का' विचारण्याची मुभा नव्हती. आमच्या पडवीत 'का' हाच पहिला शब्द आहे. ९८ कप्प्यांपैकी ८१ उगवले, तर टक्केवारी किती? उरलेले १७ का उगवले नाहीत? खिडकीकडील ओळ उंच का झाली? याची उत्तरे नोंदवहीत लिहावी लागतात, आणि पहिल्या वर्षीच्या चार ट्रेंप्रमाणे शिक्षकांचे उत्तर चुकले तर तेही त्याच वहीत लिहिले जाते. कोणाचेही म्हणणे, ते सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून न स्वीकारता, अनुभवाने पारखून घ्यावे, ही तथागतांची शिकवण मुलांना पाठ असते. ती हाताला कशी लागते, हे ट्रेपुढे बसल्यावर कळते. ज्या मातीने आजोबांना केवळ घाम दिला, तिच्याविषयी नातवाला ज्ञान मिळावे, एवढाच आमचा हेतू आहे. पुढे तो अभियंता होवो, परिचारक होवो वा न्यायाधीश होवो. मातीकडे तो खाली मान घालून पाहणार नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी निघताना प्रत्येक विद्यार्थ्यास पाच रोपे दिली जातात : दोन टोमॅटोची, दोन मिरचीची, एक वांग्याचे. यासाठी एक ट्रे आम्ही पंधरा दिवस उशिरा पेरतो. रोपे ओल्या कागदात गुंडाळलेली असतात आणि सोबत पाण्याच्या नियमाची चिठ्ठी असते. कोणाचे घर एका खोलीचे असते, कोणाचे वीटभट्टीवर, कोणाचे भाड्याचे. दारापुढे एक डबा ठेवण्याइतकी जागा मात्र बहुतेकांकडे निघते. तो प्रश्न विचारणारे वडील पुढच्या पालकभेटीला आले, तेव्हा त्यांनी रुमालातून पाच-सहा लाल मिरच्या काढून आमच्यापुढे ठेवल्या. "पोरगं मला पाणी घालू देत नाही," ते म्हणाले. "आधी बोट लावून बघा म्हणतं."

त्या मिरच्यांचे बी आम्ही पाकिटात घालून ठेवले आहे. येत्या पोळ्याला ते पेरू.